सारवलेल्या कोर्टावरचा टप्पा

या अंकात नोकरीचे अनुभव लिहिणारी बाकीची मंडळी बहुतेक निवृत्त असतील. माझी नोकरी तीन वर्षांची, तीही कॉलेज करता करता. तसं मी संपादकांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "टेनिसचं कोर्ट शेणानं सारवून घेणारी दुसरी कोण आहे आपल्याकडं?" हे कौतुक होतं की चेष्टा, ते मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आणखी एक कारण आहे. हे कोर्ट आता फार दिवस राहणार नाही. कारखान्याच्या कॉलनीतल्या क्लबानं ते सिमेंटचं करायचं ठरवलं आहे. खडी येऊन पडली आहे. संध्याकाळी त्या ढिगावर कॉलनीतली शेरडं चढतात.

माझं गाव लोणी भापकर. बारामती तालुक्यातलंच, पण कॅनॉलच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिरायती. ज्वारी, बाजरी आणि आभाळाकडं बघणं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा आमच्या खेळाच्या सरांनी मला बोलावून घेतलं. खो-खोच्या मैदानाला पांढऱ्या फक्कीनं रेघा मारायचं काम मी मन लावून करायचे, रेघ वाकडी जाऊ द्यायचे नाही, एवढीच माझी त्यांच्याशी ओळख. ते म्हणाले, "कारखान्याच्या क्लबात मैदान बघायला कुणीतरी पाहिजे. राहायची सोयही होईल. जाऊन ये."

क्लबाचे सेक्रेटरी होते जगदाळे साहेब, कारखान्याचे चीफ केमिस्ट. पांढरे केस, पांढरी हाफपँट, पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मुलगा पाठवतील असं वाटलं होतं."

मी खेळाच्या सरांचं नाव सांगितलं.

"टेनिस कधी पाहिलंय?"

"नाही सर."

"सारवण येतं?"

"येतं."

"मग झालं. टेनिस आम्ही बघू."

अशी माझी निवड झाली. हुद्दा 'कोर्ट अटेंडंट'. क्लबाच्या मागं द्वारकामावशींची खोली होती. त्या गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाक करायच्या. त्यांच्याबरोबर मी राहायचं, सकाळी कॉलेज, दुपारनंतर कोर्ट.

बाहेरच्या माणसाला हे काम काय असतं ते समजत नाही, म्हणून जरा सांगते. टेनिसचा सगळा खेळ चेंडूच्या एका टप्प्यावर चालतो, आणि टप्पा कसा पडणार ते जमीन ठरवते. आमच्या बाजूला मी तीन तऱ्हेच्या जमिनी पाहिल्या. इंदापूरच्या क्लबाचं कोर्ट सिमेंटचं. तिथं चेंडू जेवढ्या जोरानं येतो तेवढ्याच जोरानं उठतो, आणि जिथं उठावा असं वाटतं तिथंच उठतो. सिमेंट खोटं बोलत नाही. पण दयाही दाखवत नाही. धावताना पाय जिथं टेकेल तिथंच थांबतो आणि सगळा दणका गुडघ्यात जातो. उन्हाळ्यात तर त्यावर पापड भाजून निघतील. इंदापूरच्याच रस्त्याला पाटबंधारे खात्याचा एक जुना बंगला आहे, तिथं हिरवळीचं कोर्ट होतं. गवतावर चेंडू उठतच नाही, सरपटत जातो. खेळणारा सारखा वाकलेला, जणू भुईमूग काढतोय. तिथला माळी मला सांगायचा, "दिसाया लई झ्याक. पन सकाळी दव, दुपारी पानी, सांच्याला डास. खेळायचं कवा?"

तिसरं आमचं. खाली मुरूम, त्यावर चाळलेली चिकण माती, ती रोलरनं दाबून घट्ट केलेली, आणि वरून शेणाचा पातळ हात. शेण पोत्यातून गाळून घ्यायचं आणि ताकाएवढं पातळ करायचं. दाट झालं तर वाळल्यावर पोपडे निघतात, फारच पातळ झालं तर माती उघडी पडते आणि धूळ उडते. अशा जमिनीवर चेंडू टप्पा घेताना जरा अडखळतो. वेग कमी होतो, उंची मिळते. खेळणाऱ्याला पोचायला वेळ मिळतो आणि पोचताना चक्क घसरत जाता येतं. जगदाळे साहेबांचा एक गुडघा कधीचाच दुखरा होता. ते म्हणायचे, "सिमेंटवर मी म्हातारा आहे. इथं मी फक्त हळू आहे."

शेण मिळायला अडचण नव्हती. कॉलनीच्या मागं गवळ्याचे गोठे, आणि हंगामात जनावरांना उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, त्यामुळं शेणात काड्यांचा बारीक भुसा असायचा. तो मातीला छान धरून ठेवतो. अडचण होती ती घरी.

मी घरी काही लपवलं नाही. काम काय आहे ते आण्णांना, म्हणजे वडिलांना, सरळ सांगितलं. ते बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आमच्या आज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा गावकीची सगळी कामं सोडली होती. त्यासाठी घरानं पुष्कळ सोसलं. ते मी ऐकलेलं आहे, आण्णांनी पाहिलेलं आहे.

"तू पुस्तकासाठी चाललीस का शेनासाठी?" ते म्हणाले.

"दोन्हीसाठी, आण्णा. तिथं राहिले तर प्रॅक्टिकलला वेळेवर पोचता येतं. हितनं यष्टीनं न्हाय होत."

"आपल्या घरचं आंगण सारवलं तर त्यात कमीपना न्हाय. साहेबाचं सारवायचं म्हंजी..." त्यांनी बैलापुढं वैरण सरकवली. मग म्हणाले, "दिवाळीपत्तुर बघतो. मग मी सोता यून बघीन, तितं तुझी काय गत हाय ती. पटलं न्हाय तर त्याच दिशी माघारी. कालिज-बिलिज हितं ऱ्हाईल."

आईनं माझ्या पिशवीत एक जुनं लुगडं घातलं, कामाच्या वेळी नेसायला. ते पुढं कोर्ट पुसायला फार उपयोगी पडलं.

तर दिवाळीपर्यंतची मुदत डोक्यावर घेऊन मी कामाला लागले.

पहिलाच झटका मळीचा. कारखान्याच्या आवारातल्या रस्त्यांवर धूळ बसावी म्हणून मळीचं पाणी मारतात. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, चिकट रस. आमच्या एका इंजिनिअर साहेबांना वाटलं, रस्त्यावरची धूळ बसते तर कोर्टावरची का बसणार नाही? जगदाळे साहेब गावाला गेलेले. मी नवीन. इंजिनिअर म्हणतोय म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणार? टँकर आला, कोर्ट काळंभोर चकाकायला लागलं. पहिल्या दिवशी सगळे खूश. धूळ नावाला नाही.

दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. आधी बारीक लाल, मग काळे मुंगळे, मग कुठल्या झाडावरून कोण जाणे मधमाश्या. चेंडू टप्पा घेतला की खालीच बसायचा. उचलला तर मातीत घोळवलेल्या लाडवासारखा. एका साहेबांचा बूट मागच्या रेषेवर चिकटला आणि पाय मोज्यासकट पुढं आला. द्वारकामावशी कुंपणाला टेकून बघत होत्या.

"काय गं कालिजवाले, ह्यो टेनिस हाय का मुंग्यांची जत्रा?"

इंजिनिअर साहेब मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, "प्रिन्सिपल बरोबर होतं. प्रमाण चुकलं." सगळा वरचा थर खरवडून काढावा लागला. कारखान्याच्या माणसाला प्रत्येक दुखण्यावर उसातलंच औषध सुचतं, हे मी त्या वेळी शिकले.

गिऱ्हाइकंही एकेक असायची. वडगाव निंबाळकरकडचे एक मोठे बागायतदार संचालक होते. सगळे त्यांना आबा म्हणत. एकदा मीटिंग लवकर संपली आणि ते कोर्टावर आले. पायात करकरीत कातडी पायताण. त्याच्या टाचेनं कोर्टाला खळगे पडतात, म्हणून पायातलं बघून आत सोडायचं हे माझं काम. मी भीत भीत म्हटलं, "आबा, पायताण काढावं लागंल."

"का गं पोरी? देऊळ हाय का हितं?"

"न्हाय आबा. शेण हाय."

"मग काढतो," ते म्हणाले. "देवळात एकवेळ चालवून घेत्यात."

ते अनवाणी उतरले आणि कोयता चालवावा तशी रॅकेट चालवली. चेंडू कुंपणापलीकडं उसात. "हितं षटकार असतो का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा खेळातला रस गेला. पण जाताना तळवा कोर्टावर घासून म्हणाले, "गार लागतंय. आमच्या म्हातारीच्या सारवल्याल्या सोप्यावानी." ते वाक्य मला अजून बक्षिसासारखं वाटतं. संचालकांना तसं वाटलं नसेल.

आता त्या दिवसाचं सांगते.

दर दिवाळीच्या आधी आमच्या क्लबाचा आणि इंदापूरच्या क्लबाचा सामना व्हायचा. उन्हाळ्यातला तिकडं असायचा, हा इकडं. इंदापूरचे मुख्य खेळाडू वाघमोडे वकील. अंगानं आडवे, जिभेनं तिखट, आणि सिमेंटवर वाढलेले. चेंडू जमिनीवरून उठतो न उठतो तोच पुढं होऊन मारायची त्यांची सवय. जगदाळे साहेबांनी त्यांना कधीच हरवलं नव्हतं. आणि पुढच्या वर्षी साहेब निवृत्त होणार होते.

आण्णांनी यायला नेमका तोच दिवस धरला. मी पत्रात सामन्याचं कळवलं होतं, बहुतेक म्हणूनच.

सकाळी माझं प्रॅक्टिकल होतं, चुकवता येण्यासारखं नव्हतं. एरवी सारवण माझ्या देखत व्हायचं. द्वारकामावशी आणि वस्तीवरच्या दोघीतिघी शेणाचा हात द्यायच्या, आणि ते ओलं असतानाच आम्ही बांबूला बांधलेलं भिजकं गोणपाट सरळ उभं ओढायचो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यानं बोटांच्या खुणा मोडतात आणि सगळीकडं एकसारखी पाठ येते. त्या दिवशी जाताना मी फक्त म्हटलं, "मावशी, आज पाव्हणे येणार हायत. माझे आण्णा पण येणार हायत. आज अगदी चांगलं झालं पायजे."

"तू जा बिनघोर," मावशी म्हणाल्या.

प्रॅक्टिकल उरकून मी स्टँडवर गेले, आण्णांना घेतलं आणि दुपारी कोर्टावर आले. दारातच थांबले.

सबंध कोर्टावर चंद्रकोरी काढल्या होत्या. बोटं रुतवून, हात फिरवून, एकीला एक लागून, दसऱ्याला अंगण सारवतात तशा. नेटच्या दोन्ही खांबांशी रांगोळीची कमळं. मागच्या रेषेजवळ गाईची पावलं. ऊन पडून सगळं वाळून टणक झालं होतं. इतकं सुंदर सारवण मी कुणाच्या लग्नातही पाहिलेलं नाही. कॉलनीतल्या साहेब लोकांच्या बायका खुर्च्यांवरून मावशींना विचारत होत्या, आमच्याकडं याल का म्हणून. मावशी पदर सावरत माझ्याकडं बघत होत्या.

आण्णा हळूच म्हणाले, "हे तू करतीस?"

"मावशींनी केलंय."

"हात हाय बाईला," ते म्हणाले आणि कोपऱ्यातल्या बाकावर, मागच्या रेषेच्या अगदी टोकाशी जाऊन बसले. टोपी मांडीवर.

मला आत कुठंतरी खटकलं होतं. पण इंदापूरची जीप येऊन उभी राहिली होती, आणि मावशींचं मन मोडवत नव्हतं. रांगोळी तेवढी झाडून घेतली, फक्की मारली, नेट ताणलं. वाघमोडे वकील आत आले आणि पाय उचलून उभे राहिले.

"जगदाळे, हे कोर्ट आहे का नवरीचा हात? यावर बूट ठेवायचा म्हणजे पाप लागेल."

"तुम्ही वकील. तुम्हाला एका पापानं काय फरक पडतो?" साहेब म्हणाले.

खेळ सुरू झाला आणि पहिल्या काही चेंडूंतच काय झालंय ते मला दिसलं. चंद्रकोरीच्या वळणाबरोबर पडलेला चेंडू सटकायचा, वळणाविरुद्ध पडलेला थबकायचा, आणि दोन कोरींच्या मधल्या वरंब्यावर पडला तर तिसरीकडंच जायचा. जगदाळे साहेब चेंडूची वाट बघून, तो कुठं जातो ते पाहून मग मारायचे. गुडघ्यामुळं त्यांना तीच सवय. वकील मात्र सिमेंटच्या भरवशावर पुढं होऊन आधीच रॅकेट फिरवायचे आणि चेंडू तिथं नसायचा. बाजू बदलल्या तरी तेच, कारण कोरी दोन्हीकडं होत्या. बघता बघता साहेब पुढं गेले, चांगलेच पुढं. कॉलनी टाळ्या वाजवत होती. साहेबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, दहावीचा निकाल लागलेल्या मुलासारखा.

वकिलांनी रॅकेट काखेत धरली आणि थांबले. "जगदाळे, मी तुमच्याशी खेळतोय का तुमच्या जमिनीशी, ते एकदा ठरवा. जमिनीशी असेल तर मला दिवाणी दावा लावावा लागेल."

लोक हसले. साहेबही हसले. आणि म्हणाले, "कोर्टाबद्दल मी काही बोलत नाही. ते सुजाताचं खातं आहे. सुजाता, कोर्ट ठीक आहे का?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. साहेबांनी ज्या आवाजात विचारलं त्यात उत्तर आधीच घातलेलं होतं. 'ठीक आहे सर', एवढंच म्हणायचं होतं. नाहीतर साहेबांचा एकुलता एक विजय जाणार, मावशींचा मान जाणार, आणि बाकावर बसलेल्या आण्णांच्या देखत सगळे म्हणणार की जिला कोर्ट बघायला ठेवली तिला ते बघता येत नाही. मग संध्याकाळच्या यष्टीत आण्णांच्या शेजारी माझी जागा ठरलेली. मी आण्णांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, कोर्टाकडं बघत होते.

मी चप्पल काढून आत गेले, खाली बसले आणि चेंडू हातानं सरळ समोर घरंगळत सोडला. तो थोडा सरळ गेला, मग कोरीबरोबर वळला, पुढच्या कोरीनं परत उलटा वळला आणि नागमोडी जाऊन नेटच्या खांबाला लागला. सगळ्यांनी पाहिलं.

"सर," मी म्हटलं, "कोर्ट बरोबर नाही. गोणपाट ओढावं लागेल. वाळेपर्यंत खेळता येणार नाही."

दूर कारखान्याचा भोंगा झाला. जगदाळे साहेब नेटपाशी गेले, गुण मांडलेली पाटी त्यांनी स्वतःच पुसली आणि म्हणाले, "मग पहिल्यापासून."

"आधीचे गुण राहू द्या की," वकील म्हणाले. त्यांनाही जरा वाईट वाटलं असावं.

"नागमोडी गुण आहेत ते. नकोत."

आता गोणपाट. मी मावशींकडं गेले, तर त्या हात मागं बांधून उभ्या. "मी न्हाय ओढायची."

"मावशी, माझंच चुकलं, मी नीट सांगितलं न्हाय..."

"तुझं माझं ऱ्हाऊ दे. सणासुदीचं सारवल्यालं त्याच दिशी मोडत न्हाईत. घराला बरं नसतं. ज्यांना खेळायचंय त्यांनी मोडावं." बाकीच्या दोघीही सरकून त्यांच्या मागं उभ्या राहिल्या. साहेबांच्या बायकांनीसुद्धा माना हलवल्या. त्यांना ते पटलेलं दिसलं.

भिजलेलं गोणपाट एकटीला ओढत नाही. मी इकडं तिकडं पाहिलं. मग कुठून बळ आलं माहीत नाही. "सर, बूट काढावे लागतील. मोजेसुद्धा."

"मी?"

"तुम्ही आणि वकीलसाहेब. दोघांची उंची बरोबर आहे."

चीफ केमिस्ट आणि इंदापूरचे नामांकित वकील हाफपँटीत अनवाणी उभे राहिले. कोर्टावर शेणाचं पातळ पाणी शिंपडलं, बांबूची दोरी एकेकाच्या खांद्यावर दिली, आणि ते ओढायला लागले. पहिल्याच ओढीला बांबू तिरका झाला. वकील जोर लावून पुढं, साहेब गुडघा धरून मागं. घोट्यापर्यंत हिरवे झाले होते. मी "सरळ, सरळ" म्हणत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

तेवढ्यात बाकावरून आण्णांचा आवाज आला. शेतातला. "ओ वकीलसाहेब! रेटू नगा. जोडीदाराकडं बघून चाला. तुमी पुढं गेला की फळी वाकडी जातीया."

वकील थांबले. "हे कोण?"

"माझे वडील," मी म्हटलं.

"कोर्टाचे जाणकार दिसतात."

"न्हाय बा," आण्णा उठून जवळ आले. चप्पल त्यांनी बाहेरच काढली होती. "मला बैलाचं कळतं."

जगदाळे साहेब इतके हसले की त्यांनी दोरी सोडली. मग आण्णा त्या दोघांच्या मागून चालत राहिले, हात पाठीशी, तोंडानं च्च च्च करत. शेताच्या कडेला आल्यावर वळतात तसं "हां, आता बाहेरल्यानं दमानं घ्या" सांगत. रेघन् रेघ सरळ झाली. आतल्या बाजूच्या बैलाला, म्हणजे साहेबांना, ते जरा सांभाळून घेत होते, असं मला वाटलं. काम संपल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, "जोडी चांगली हाय. पन एक पाय धरतोय."

वाळेस्तोवर चहा झाला. साहेबांनी, वकिलांनी आणि आण्णांनी एकाच नळावर पाय धुतले. आधी कुणी धुवायचे यावरून 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' झालं, आणि मग वकिलांनी आण्णांच्या पायावर तांब्या ओतला. आण्णा पटकन मागं सरले. मग पुन्हा पाय पुढं केला.

दुसऱ्यांदा सामना झाला तो अटीतटीचा. आता टप्पा एकसारखा होता. आमच्या जमिनीवर चेंडू सावकाश उठतो हे वकिलांना हळूहळू उमगलं आणि ते थांबून मारायला लागले. साहेब घसरत घसरत पोचत होते. ऊन उतरलं, कारखान्याच्या चिमणीची काजळी दोघांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर पडत होती. शेवटच्या गुणाला साहेबांनी चेंडू लांब मागच्या कोपऱ्यात टाकला. वकील धावले, पोचले नाहीत, आणि हात वर करून म्हणाले, "बाहेर." मी दुसऱ्या टोकाला होते, मला दिसलं नाही. साहेबांनी काही विचारलं नाही, नेटपाशी जाऊन हात मिळवला. हरले.

त्यानंतर ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत. रॅकेट पिशवीत घालताना एवढंच म्हणाले, "उद्यापासून सारवण तुझ्यासमोर." रागानं की कसं, ते मला आजही सांगता येणार नाही. द्वारकामावशींनी त्या रात्री माझी भाकरी जरा जोरातच ताटात टाकली. पुढं आठवडाभर मला 'गोणपाट' म्हणत.

पण ते नंतर. आधी मला आण्णांना स्टँडवर सोडायचं होतं. सायकल हातात धरून आम्ही चालत गेलो. आण्णा दोन पावलं पुढंच चालत होते. मी मनात माझं सामान भरायला घेतलं होतं. एक ट्रंक, एक वळकटी, वह्या. गावाकडची गाडी फलाटाला लागलेली होती. आण्णा चढले, खिडकीची जागा धरली आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मी खाली उभी. विचारावं तरी कसं?

ड्रायव्हर चढला. तेव्हा आण्णा खिडकीतून वाकले.

"सुजे, साहेबाचा शेवटचा चेंडू आत हुता."

"काय?"

"आत हुता. पांढरं उडल्यालं म्या बघितलं. माझ्या म्होरंच की."

"मग आण्णा, तिथं बोलला का न्हाय?"

"मी कशाला बोलू? तुझं मैदान." गाडी सुरू झाली. आवाजावर आवाज चढवून ते म्हणाले, "फुडल्या वर्षी तू त्या टोकाला हुबी ऱ्हा. हिकडचं मी बघतो."